करकोच्याच्या तिन्ही वेळा चुकतात

मोठ्या पाणथळीला अजून कुंपण पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. गावतळ्यावरचा धाकटा करकोचा दरवर्षी ताईचे लाल पाय बघत तिच्यामागून तिथे जायचा. यंदा ताई वारली. आता कधी निघावं, तेच त्याला कळेना.

"पावसाळ्यात जा, पाणी काठोकाठ असतं," बेडूक म्हणाला. करकोचा लगेच उडाला, नुसता भिजून परतला.

"वेड्या, थंडीत जायचं. सगळे पक्षी जमतात," पाणकोंबडी म्हणाली. तो थंडीतही जाऊन आला.

"उन्हाळ्यात मासे आयते मिळतात," पाणकावळा म्हणाला. तेव्हाही तो उपाशीच आला.

म्हाताऱ्या कासवानं विचारलं, "बाळा, तिन्ही वेळा चांगल्याच होत्या. मग चुकलं काय?"

"एकदाही ताई नव्हती, आजोबा."

कासवानं बाजूला सरकून आपल्या दगडावर त्याला जागा करून दिली.