पंगतीला न येणारा खवल्या

बाळांनो, डोंगरउतारावरच्या एका रानात जनावरांनी मिळून लाकडी कोठार बांधलं होतं, आणि त्या कोठाराच्या मागच्या कोपऱ्यात बीळ करून एक खवल्या मांजर राहत असे. खवल्या मांजर पाहिलंय का तुम्ही? अंगभर खवले, लांब जीभ आणि तोंडात एकही दात नाही. वाळवी हेच त्याचं जेवण आणि वाळवी खाणं हेच त्याचं काम. दिवस कलला की हा खवल्या बाहेर यायचा, कोठाराच्या खांबांना लागलेली वाळवी चाटूनपुसून साफ करायचा आणि मुकाट्याने बिळात परतायचा. कुणी "शाबास" म्हटलं तरी मान वर नाही, कुणी नावं ठेवली तरी नाही. कोठारात सगळ्या रानाची पावसाळ्याची बेगमी होती : मोहाची फुलं, वरई, वाळवलेली बोरं. खांब शाबूत होते म्हणून ती शाबूत होती.

कोठाराचा कारभार एका अस्वलिणीकडे होता. सगळे तिला मामी म्हणत. मामी मनाने फार चांगली. आदल्या वर्षी एक ससा आतल्या आत कुढत, कुणाला काही न सांगता रान सोडून गेला होता, त्याची तिला रुखरुख लागून राहिली होती. म्हणून तिने नियमच केला : संध्याकाळी सगळ्यांनी कोठाराच्या पडवीत पंगतीला बसायचं आणि प्रत्येकाने दिवसभरातली एक तरी गंमत सांगायची. सगळ्यांना हे आवडलं. खवल्याचं पान मात्र रोज रिकामं.

"रुसलाय वाटतं," वानर म्हणाला.

"रुसायला काय झालंय? माज आहे नुसता," कोल्हा म्हणाला. "आपल्याशी बोलायला जीभ अपुरी पडते का त्याची? हातभर तर आहे!"

मामीचा जीव कळवळला. "अरे, एकटा पडलाय रे तो. त्या सशासारखाच. आता मी काही ऐकायची नाही."

दुसऱ्याच दिवशी तिने ते कोपऱ्यातलं बीळ बुजवलं. खवल्याला पडवीतच, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, ऐसपैस जागा करून दिली आणि सोबतीला वानर नेमला. संध्याकाळी खवल्याच्या नावाने खास पंगत. पानात भाजलेले हरभरे. "खा रे, लाजू नकोस!" ज्याला दात नाहीत त्याला हरभरे, बरं का! वानराने त्याच्या पाठीवर थाप मारली. "सांग की दोस्ता, काय चाललंय तुझ्या मनात?" खवल्याने डोकं पोटाशी घेतलं, वरून शेपटी गुंडाळली आणि त्याचा घट्ट गोळा झाला. मामीने गोंजारलं, वानराने गाणं म्हटलं, कोल्ह्याने पायाने ढकलून पाहिलं. गोळा काही उलगडेना. मग रोज संध्याकाळी तेच. पडवीत गलका सुरू झाला की खवल्याचा गोळा, आणि खांबांकडे जायची वेळ तशीच टळायची.

आमच्या बाजारात एका भजीवाल्याने असंच केलं होतं. त्याचा आचारी कढईपाशी कधी तोंड उघडत नसे. मालकाला वाटलं, बिचारा कंटाळत असेल. त्याने त्याला पुढे गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला बसवलं. मागे भजी करपली, पुढे गिऱ्हाईक उठून गेलं आणि आचारी भर दुपारी घरी निघून गेला. मालकाचा हेतू चांगलाच होता हो! पण हेतू चांगला म्हणून भजी खमंग होत नाहीत. असो. आपण रानात जाऊ.

एका संध्याकाळी पंगत रंगात आली असताना सगळ्यांच्या पानांत भुरभुर काहीतरी पडायला लागलं. "वर कोण पीठ चाळतंय?" असं म्हणत वानराने मान वर केली. पीठ कसलं! मधला खांब वाळवीने पोखरला होता. छप्पर एका अंगाला कललं होतं. ते बसलं असतं तर सगळी बेगमी भिजून कुजली असती.

"बघा, कामचुकार आहे!" कोल्हा ओरडला. "हाकला त्याला. दुसरा आणू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मामीचाही धीर सुटला. "उद्या सकाळी त्याला रानाबाहेर सोडून येऊ," ती पुटपुटली. रानाबाहेर शिकारी कुत्री असत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खवल्याने गोळा आणखी घट्ट आवळला.

तेवढ्यात पंगतीच्या टोकाला बसलेली साळू, म्हणजे अंगभर काटे असलेली साळिंदर, बोलली. "मामी, एक विचारू? माझ्याशी बोलताना तुम्ही सगळे लांब का उभे राहता?"

"अगं बाई, काटे टोचतात ना तुझे!"

"मग त्यावरून मला कधी कुणी माजोरी म्हणालं? रुसली समजून गाणी म्हणायला आलं? माझे काटे दिसतात म्हणून तुम्ही अंतर राखता. त्याचे दिसत नाहीत, इतकंच. त्याला काय हवंय, हे त्यालाच कुणी विचारलंय का?"

मामीने हातातला घास पानात परत ठेवला. तिने खाऊ घातलं होतं, गोंजारलं होतं, जागा बदलली होती. विचारलं तेवढं नव्हतं.

तिने सगळ्यांना घरी धाडलं. मग खवल्यापासून बरीच लांब, त्याच्याकडे पाठ करून ती बसली. "बाबा रे, तुला काय हवंय? आत्ताच सांगितलं पाहिजे असं नाही." एवढं बोलून ती थांबली. न बोलता बसणं मामीला फार जड गेलं, पण ती बसली. बऱ्याच वेळाने मागून बारीक आवाज आला.

"मी दुःखी नाही, मामी. सशाला सोबत हवी असेल. मला एकटंच बरं वाटतं. माझा कोपरा मला परत द्या. काम असेल तिथे खूण ठेवा, मी करीन. पंगतीला बोलावू नका असंही नाही. आलो नाही, तर शोधायला येऊ नका."

मामीने हळूच वळून पाहिलं. गोळा उलगडला होता.

"एवढंच?" तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "अरे, एवढंच होतं होय!"

तिने स्वतःच्या पंजांनी ते बीळ पुन्हा मोकळं केलं. संध्याकाळी कोठाराच्या मागे कुणी फिरकायचं नाही, असं तिने बजावलं. ज्या खांबाला वाळवी लागेल त्याच्या पायाशी सागाचं पान ठेवायचं ठरलं. मधल्या खांबाची वाळवी खवल्याने निपटून काढली, वानराने त्या खांबाला नवा टेकू दिला आणि छप्पर सावरलं. त्या पावसाळ्यात रानात कुणी उपाशी राहिलं नाही.

पंगतीत खवल्याचं पान अजूनही मांडतात. ते रिकामं राहतं, पण आता त्याकडे पाहून कुणी उसासा टाकत नाही. एकदा वानराने विचारलं, "मामी, तो येईल का हो कधी?"

"आला तर जागा आहे," मामी म्हणाली. "नाही आला तर तिकडे खुशाल आहे. तू जेव."

तात्पर्य : एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला सोबतच हवी असते असं नाही, आपल्याबरोबर काम करणाऱ्याला काय हवं ते आधी त्यालाच विचारावं, आणि तो सांगेल तेवढं अंतर राखून त्याला साथ द्यावी.