मोदकाच्या साच्याचं तोंड

भांड्यांनाही जीभ होती, त्या काळची गोष्ट. एका स्वयंपाकघरात मोदकाचा नवा साचा आला. दुपारच्या नैवेद्यापर्यंत मोदक झाले नाहीत तर याला भंगारात टाकीन, असं घरधनीण बजावून गेली होती.

पळीनं साच्याच्या शेंड्यावर सारण ओतलं. ते घरंगळून ओट्यावर सांडलं. उलथण्यानं त्याच शेंड्यावर उकडीचा गोळा थापला. तोही घसरला.

"मेल्या, तोंड उघड की!" पळी खेकसली. "वाटीचं तोंड वर, तांब्याचं तोंड वर. तुलाच काय सोनं लागलंय?"

"मला तोंड आहे की नाही, तेच मला ठाऊक नाही," साचा रडकुंडीला आला.

घासून लख्ख केलेली पितळी परात सकाळपासून हा तमाशा बघत होती. तिचं डोकं उठलं. "अगं बये, वाटीकडं बघून साच्याचं तोंड कसं सापडेल? त्याचं त्यालाच बघू दे. उलथण्या, कलता कर त्याला माझ्यावर!"

उलथण्यानं साचा कलता केला. परातीत साच्याला आपलाच तळ दिसला. तळाला दोन बोटं जातील एवढं भोक होतं आणि आत पाकळ्यांच्या रेघा.

"इथून!" साचा ओरडला. "आधी रेघांना उकड लावा, मग मधे सारण!"

नैवेद्याच्या आत एकवीस मोदक झाले. पळी मात्र फुरंगटलेलीच. "तळाला कुठं तोंड असतं होय? मला नाही पटत."

"तुला पटवून काय करायचंय?" परात म्हणाली. "भरायचं त्याला होतं."