चार बोटांची ढिलाई

"पण मग ढिलाई आहे तरी कुठे, उस्ताद?"

निशिकांत आपटेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर मिस्त्री बशीतला चहा फुंकत बसले होते. त्यांच्या मिरजेच्या गॅरेजात निशिकांत सात वर्षं घडला. आता सांगलीत त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, हाताखाली चार माणसं होती आणि अंगात पांढरा शर्ट होता.

मिस्त्रींच्या दारात त्याच्या वडिलांची साठ वर्षांची गाडी उभी होती. स्टिअरिंग चार बोटं फिरवावं, तेव्हा कुठे तिची चाकं हलत. रविवारी आईवडिलांना याच गाडीतून आंबा घाटानं खाली न्यायचं त्यानं कबूल केलं होतं. घाटात चार बोटं म्हणजे सरळ दरी. तीन दिवस त्याला धड जेवण गेलं नव्हतं.

काय काय केलंस, असं मिस्त्रींनी विचारलं. निशिकांतनं वैतागून सगळं पुन्हा सांगितलं. सांधे नवे टाकले, पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिन बदलल्या, बेअरिंगं आवळली. स्टिअरिंगचा दातेरी चाकांचा बॉक्स नवाकोरा आणला. त्याचा स्क्रू इतका पिळला, की वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून परत येईना. ढिलाई मात्र होती तिथेच.

"गाडीखाली कोण झोपलं होतं?"

"कामगार. मी वर बसून स्टिअरिंग हलवत होतो."

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली...

या गॅरेजची रीत जुनी होती. ढिलाई शोधताना वर बसायचं ते शिकाऊ माणसानं. उस्तादानं खाली झोपून एकेका सांध्यावर तळवा ठेवायचा. निशिकांतला हे पाठ होतं. पण मालक झाल्यावर मातीला पाठ कोण टेकवतो?

मिस्त्री गाडीत जाऊन बसले.

"झोप खाली."

"उस्ताद, सगळं तपासून झालंय. पुन्हा तेच काय बघायचं?"

"झोप."

निशिकांत चरफडत गाडीखाली शिरला. पांढऱ्या शर्टाचं वाटोळं झालं. वर मिस्त्री स्टिअरिंग हळूहळू डावीउजवीकडे हलवू लागले. त्यानं पहिल्या सांध्यावर तळवा ठेवला. घट्ट. दुसराही घट्ट. दर वेळी तो "ठीक आहे" म्हणत होता आणि दर वेळी आवाज चढत होता.

"बॉक्स?"

"बॉक्स मी स्वतः बसवलाय."

"कामगारानं हात ठेवला होता?"

"तो कशाला ठेवेल? सांगितलं ना, मी बसवलाय."

 वर स्टिअरिंग हलतच राहिलं...

निशिकांतनं सुस्कारा सोडला आणि निव्वळ म्हाताऱ्याची समजूत काढायला बॉक्सवर तळवा ठेवला.

बॉक्स हलला.

अख्खा बॉक्स गाडीच्या सांगाड्यावर, चासीवर डुलत होता. तिन्ही बोल्ट त्यानं नुसते बोटांनी फिरवून ठेवले होते. पाना लावायचा राहून गेला होता. घाटातल्या वळणावर मागच्या सीटवर बसलेली आई त्याच्या डोळ्यांसमोर आली.

त्यानं तिन्ही बोल्ट एकेक करून चाचपले. शेवटी कसाबसा म्हणाला, "सापडली, उस्ताद. माझ्याच हातची आहे."

स्टिअरिंग थांबलं नाही.

"आणखी काय काय स्वतः बसवलंयस?"