माळावरचा टोला

"मग कमी कुठे पडतंय, तेवढं तरी सांगा, आण्णा."

सुयोगने ऑक्टोपॅडवर पुन्हा काठी मारली. स्पीकरमधून नगारा घुमला. दगडी सभामंडपात तो इतका घुमला की पुढचा टोला मागच्यात बुडून गेला.

आण्णा, म्हणजे धोंडिबा गुरव, खांबाला टेकून ऐकत होते. या देवळात चाळीस वर्षं नगारा त्यांनीच वाजवला. यंदा उजवा खांदा धरला तो धरलाच, आणि नगाऱ्याचं चामडंही चिरत आलं. उद्यापासून जत्रा. नगाऱ्याशिवाय आरती गावाने कधी ऐकली नव्हती.

म्हणून त्यांनी शहरात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या आपल्या जुन्या शिष्याला, सुयोगला, बोलावून घेतलं. आता शिकण्यासारखं फारसं उरलेलं नाही, असं या शिष्याचं प्रामाणिक मत होतं.

"आवाज तुमचाच आहे," सुयोग म्हणाला. "तुमचेच टोले यात भरून ठेवलेत."

"कुठं भरलेस?"

"इथेच. गेल्या श्रावणात, आरती चालू असताना."

"म्हंजे मंडपबी आत आला."

"आला. त्यावर मी मोठ्या सभागृहाचा रिव्हर्ब दिलाय. घुमारा चौपट होतो."

"आन् वाजवतोस कुठं?"

सुयोगने वर मंडपाच्या दगडी छताकडे पाहिलं.

"चैतात तीन गोधड्या घातल्यास की रं त्याला."

सुयोगने बटण फिरवून रिव्हर्ब काढला. टोला थोडा मोकळा झाला, पण थोडाच.

"मंडप मात्र निघत नाही, आण्णा. तो आवाजातच मुरलाय."

धोंडिबा उठले. "गाडा वढ."

नगाऱ्याचा गाडा ओढत सुयोग गावाबाहेर आला. आण्णा मागून चालत होते. माळावर आवाज घुमवायला ना भिंत, ना झाड. आण्णांनी नगारा वाजवायचं टिपरू त्याच्या हातात दिलं.

"मी? लोकांना तुमचा टोला हवाय."

"माझा खांदा गेला."

"पण..."

"चामडं चार टोलं सोसंल. जपून मार."

सुयोगने रेकॉर्डर सुरू केला आणि टोला हाणला. आवाज गेला, तो परत आलाच नाही.

सुयोग घाबरला. आपल्या हातातून इतका लहान आवाज निघतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. गेली चार वर्षं त्याने स्वतःचा टोला एकदाही यंत्राशिवाय नुसता ऐकला नव्हता.

"नगारा बिघडलाय," तो म्हणाला.

आण्णा धोंड्यावर बसले.

"मंडपाची डागडुजी निघाली हुती, तवा म्याबी ह्यो बाहीर वाजवला. लोक म्हणायचं, धोंडिबाच्या हातात ढग हाय. मला खरंच वाटायचं..."

ते थोडं हसले.

"आठ दिस कुणाशी बोललो न्हाई. मार."

दुसरा टोला रागाने पडला. तो कडेला लागला.

तिसरा जोर धरण्याआधीच विरला.

चौथ्याआधी तो बराच वेळ नुसता उभा राहिला. राग ओसरला होता. कुणाला काही दाखवायचं आहे, हेही मनातून गेलं होतं. मग टिपरू उचललं आणि खाली सोडलं. टोला बरोबर मध्यावर बसला. चामडं चरकन उभं फाटलं.

आण्णांचा डावा हात गुडघ्यावर आपोआप थापला गेला.

"घावला?"

सुयोगने रेकॉर्डर कानाला लावला. एक टोला, छोटा आणि स्वच्छ. मागे नुसता माळ.

"घावला." त्याचा आवाज खाली गेला. "पण फार उघडा वाटतो, आण्णा. उद्या सगळं गाव असेल..."

आण्णांनी फाटक्या चामड्यावरून हात फिरवला, उठले आणि गावाकडे चालू लागले.

"उघडाच ने आत. गोधडी देवळात हाय."