गेनबाची वेळच्या वेळी देखभाल

एका गावात एक भोळा गडी होता. नाव त्याचं गेनबा. गावच्या दूध शीतकरण केंद्रात यंत्रांची निगा राखण्याचं काम त्याच्याकडे होतं, तेही हंगामी. येत्या वार्षिक सभेत त्याला कायम करण्याचा ठराव यायचा होता. त्याची बायको मंजुळा रोज भाकरी बांधून देताना बजावत असे, "सभेपर्यंत घोळ घालू नका. कायम झाला नाहीत, तर माझ्या भावाच्या वीटभट्टीवर जावं लागंल."

गेनबा मान डोलावी. घोळ घालायचा नाही म्हणजे सांगितलं तेवढंच करायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अशात केंद्रात संगणकाची नवी व्यवस्था आली. व्यवस्थापक पाध्येसाहेबांनी यंत्रायंत्रावर नंबर चिकटवले आणि गेनबाच्या हाती एक मोबाईल दिला.

"बिघडल्यावर धावायचे दिवस संपले, गेनबा. आता बिघडण्याआधीच निगा राखायची. कधी काय करायचं ते हा सांगेल. तू करायचं आणि 'झाले' दाबायचं. डोकं चालवायचं नाही."

"ते मी कधीच चालवलं नाही, साहेब," गेनबा नम्रपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल वाजला: 'दूधपंप. पट्टा काढून तपासा.' त्या वेळी पंप जोरात चालू होता आणि दारात कॅनची रांग लागली होती. गेनबाने चालत्या पट्ट्यात पहार घातली. पट्टा तुटला, नळी निसटली आणि गावचं दूध गटाराच्या वाटेला लागलं.

"अरे, चालत्या वस्तूला हात लावतात का?" पाध्येसाहेब ओरडले. "आधी थांबू द्यावी. थांबली, की खोलावी!"

"चुकलंच, साहेब. आता थांबली की खोलतो."

दुपारी गुरांचे डॉक्टर नलावडे केंद्रासमोर मोटरसायकल थांबवून चहाला आत गेले. बाहेर येऊन पाहतात, तो मोटरसायकल पोत्यावर मांडलेली. चाकं एकीकडे, टाकी एकीकडे, नटबोल्ट वाटीत.

"हे काय रे?"

"थांबली होती," गेनबा म्हणाला.

पलीकडच्या वाडीत एक गाय अडली होती. तिच्याकडे डॉक्टर बैलगाडीतून गेले. पाध्येसाहेबांनी कपाळाला हात लावला. "बाबा रे, दिसेल ते आपलं नसतं! ज्याच्यावर नंबर आहे तेवढंच आपलं. आधी नंबर बघत जा."

"बघतो, साहेब."

पुढच्या खेपेस मोबाईल म्हणाला: 'नंबर सात. सर्व सांध्यांना ग्रीस लावा.' नंबर सात म्हणजे कॅन वर चढवणारा सरकता पट्टा. पण गेनबा नंबर शोधत अंगणात आला, तेव्हा तिथे केंद्रात दूध घालणाऱ्या पार्वतीकाकूंची म्हैस उभी होती. तिच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला होता आणि बिल्ल्यावर नंबर होता. आकडा लांबलचक होता खरा. पण शेवटी सातच होता.

"मेल्या, माझ्या म्हशीला काय फासलंस?"

"ग्रीस, काकू. चारी पायांना. मागचा डावा जरा कुरकुरत होता."

म्हशीने त्या दिवशी दूध दिलं नाही. लाथ मात्र दिली. गेनबा लंगडत परत आला, तोवर मोबाईल पुन्हा वाजला होता: 'गाळणी. मुदत संपली. बदला.' गेनबा आता सावध झाला होता. त्याने आधी विचारलं, "साहेब, गाळणी तर छान चालतेय. कशाला काढू?"

"चालतेय त्याच्यावर जायचं नाही!" पाध्येसाहेबांचा संयम संपला होता. "मुदत संपली, की काढायचं आणि त्या जागी नवं बसवायचं. चालतंय म्हणून ठेवलं, की ऐन वेळी दगा देतं. आणि मला विचारत बसू नकोस!"

हे मात्र गेनबाला मनापासून पटलं. त्याने जुनी गाळणी काढून भंगाराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि त्या जागी नवी बसवली. त्या दिवसापासून सभेपर्यंत एकही घोळ झाला नाही. पाध्येसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सभेचा दिवस उजाडला. केंद्राच्या अंगणात मंच उभा राहिला आणि सभासदांच्या छातीवर नंबराचे बिल्ले लागले. अध्यक्ष बापूसाहेब नंबर एकचा बिल्ला लावून खुर्चीत बसले. पुढच्याच रांगेत पार्वतीकाकू होत्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, "ह्या अध्यक्षांची मुदत संपून वर्ष झालं की गं! पण काढतंय कोण?"

गेनबाने कान टवकारले. तो उठून मंचाशी गेला. पण बापूसाहेबांचं भाषण चालू होतं, आणि चालत्याला हात लावायचा नव्हता. तो शांतपणे वाट पाहत उभा राहिला.

"आता शेवटचा ठराव," बापूसाहेब म्हणाले. "आपला गेनबा प्रामाणिक गडी आहे. त्याला आजपासून आपण..."

बायकांच्या रांगेत मंजुळाने हात जोडले. बापूसाहेबांचा घसा कोरडा पडला. ते थांबले आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

थांबले. नंबर होता. मुदत संपली होती. गेनबाने पुन्हा एकदा मनाशी सगळं ताडून पाहिलं. कुठेच चूक नव्हती. त्याने बापूसाहेबांना काखेत हात घालून अलगद उचललं आणि भंगाराच्या कोपऱ्यात, जुन्या गाळणीशेजारी, पेल्यासकट नेऊन ठेवलं. मग पार्वतीकाकूंना हाताला धरून आणलं, रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि मोबाईलवर 'झाले' दाबलं.

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळी सभा टाळ्या वाजवू लागली. मंजुळा तेवढी उठली आणि भावाला फोन लावायला बाहेर गेली.

"गेनबा!" पाध्येसाहेबांना रडू फुटायचं बाकी होतं. "अरे, ते तुलाच कायम करत होते रे!"

"ठाऊक आहे, साहेब," गेनबाने त्यांची समजूत घातली. "चांगले चालत होते. पण त्याच्यावर जायचं नाही. ऐन वेळी दगा देतात."