गुणवंताची हायब्रिड गाडी

एका वाडीत एक भोळा जावई होता. नाव गुणवंत. ठेवणाऱ्याचा अंदाज चुकला, दुसरं काय.

त्याच्या धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं. शाळेत उतरलेल्या नवरदेवाला मांडवात आणायचा मान थोरल्या जावयाचा. बायको वैजयंता म्हणाली, "अहो, एक चांगली गाडी घ्या. आणि नवरदेव मुहूर्तावर आणा. माहेरात माझं नाक कापू नका."

गुणवंत शोरूममध्ये गेला. टायवाल्या सेल्समनने डिझेल गाडी दाखवली. "साहेब, लांबून आलात की इंजिन लगेच बंद करायचं नाही. तापलेलं असतं. मिनिटभर चालू ठेवायचं."

पटलं. घरी येतो तोच वैजयंता अंगणातून ओरडली, "दूध वर आलं, गॅस बंद करा!"

गुणवंत हाताची घडी घालून शेगडीपुढे उभा राहिला. दूध ओट्यावर आलं, ओट्यावरून फरशीवर आलं.

"अहो, बंद का नाही केला?"

"लगेच नसतो करायचा."

वैजयंताने कपाळावर हात मारला. "वर आलं की झटक्यात बंद करायचं. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी पेट्रोल गाडी. शेजारी बसून सेल्समन पिकअपचे गोडवे गात होता. गाडी टेकडी चढून वर आली. गुणवंताने झटक्यात बंद केली आणि पायही उचलले. गाडी मागच्या मागे घरंगळत पायथ्याच्या रसवंतीत जाऊन विसावली.

सेल्समनने टायवरची चिपाडं झटकली. कमिशन मात्र त्याला सोडवेना. "साहेब, तुम्ही इंजिन बंद करूच नका! ही हायब्रिड घ्या. बॅटरीवरही चालते, पेट्रोलवरही. थांबली की आपोआप गप्प होते, गरज लागली की आपोआप सुरू होते. आवाज गेला तरी घाबरायचं नाही. सरळ पुढे बघायचं."

गुणवंताने हायब्रिड घेतली. सिग्नलला इंजिन गप्प झालं. तो घाबरला नाही. शेजारी बसलेल्या वैजयंताचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याला एक गोष्ट तरी कळली!

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड नाचत पुढे गेलं. नवरदेव गाडीत मागे बसला. छत ठेंगणं, म्हणून त्याने फेटा काढून सीटवर ठेवला आणि जी टकळी सुरू केली ती वेशीपर्यंत. वेशीवर मारुतीचं देऊळ.

"साडूभाऊ, थांबवा जरा. नारळ फोडून आलोच."

गाडी थांबली. दार उघडलं, दार लागलं. इंजिन गप्प झालं. मागची बडबडही गप्प झाली.

गुणवंत घाबरला नाही. सरळ पुढे बघत निघाला.

मुहूर्ताच्या आधी गाडी मांडवात! वैजयंताचा ऊर भरून आला. ओवाळायला ताट घेऊन तिने स्वतः मागचं दार उघडलं. सीटवर नुसता फेटा.

"अहो, नवरदेव कुठाय?"

"मागेच आहे की. आवाज गेला म्हणून घाबरायचं नाही."

गुणवंताने फेटा उचलला, मेहुणीसमोरच्या पाटावर नीट मांडला आणि भटजींना म्हणाला, "तुम्ही मंगलाष्टका चालू द्या. गरज लागली की तो आपोआप सुरू होतो."