दोन जावा आणि एक मोरी

फार फार वर्षांमागची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात गोजरा आणि येसू नावाच्या दोन जावा एकाच घरात नांदत होत्या. थोरली गोजरा सुगरण, धाकटी येसू कामाला चपळ. बोलण्यात मात्र दोघी एकमेकींना हार जात नसत.

एके दिवशी स्वयंपाकघरातल्या मोरीचं पाणी जरा सावकाश जाऊ लागलं. गोजराच्या ते लगेच ध्यानात आलं. 'भाताची भांडी कोण धुतं? येसू. शितं तिची, तिनंच काढावीत,' ती मनाशी म्हणाली.

येसूही काही आंधळी नव्हती.

"जाऊबाई, नारळाच्या शेंड्या मोरीत कोण टाकतं हो?"

"ज्याला दिसतात, त्यानं काढाव्यात की!"

सासू ओसरीवरून ओरडली, "अगं, आज काडी घातलीत तर भागेल. उद्या पहार लागेल!"

"हो आत्याबाई," दोघी एका सुरात म्हणाल्या आणि आपापल्या कामाला लागल्या.

दिवस गेले. पाणी साचू लागलं, वास सुटला. गोजरा नाकाला पदर लावून भांडी विसळायची, पण मोरीत हात काही घालायची नाही.

अशातच नणंदेला पाहायला पाहुणे यायचे ठरले. त्या दिवशी गोजरानं भल्या सकाळी पुरण शिजवलं, पाट्यावर मऊसूत वाटलं आणि भरलं ताट तिथंच जमिनीवर ठेवलं. तेवढ्यात येसूनं धुण्याचं हंडाभर कळकट पाणी मोरीत ओतलं.

मोरी गुडगुडली. मग आतलं होतं नव्हतं ते सगळं उलटून बाहेर आलं.

"अगंबाई, पुरण!" गोजरा धावली, पण काळं पाणी तिच्याआधी ताटात पोचलं होतं.

तिच्या जिभेवर शिवी आली. समोर पाहिलं, तर येसूचे डोळे भरलेले. पाण्यावर शितं तरंगत होती, शेंड्याही तरंगत होत्या. गोजरानं शिवी गिळली, पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात मोरीत घातला. येसू बाहेरून काठीनं ढोसू लागली. नव्या लुगड्यातली नणंदही मदतीला बसली. तिघींनी ओढल्यावर नारळाएवढा गोळा सुटला आणि पाणी घळाघळा वाहून गेलं. येसूच्या ओठावर चिखलाची मिशी उमटली होती. ती पाहून तिघींना हसू आवरेना.

त्याच वेळी पाहुणे दारात उभे!

नणंद लाजून चूर झाली. मुलाची आई मात्र हसत म्हणाली, "मुलीचा चेहरा पाहायला आलो होतो, हातही पाहायला मिळाले. आम्हाला पसंत आहे."

जेवायला पिठलं-भाकरी झाली. "पुरणपोळी कुठाय?" असं कोणी विचारलंच, तर सासू म्हणे, "ती आमच्या मोरीनं खाल्ली!"

लग्न ठरलं, पण त्या पुरणाची हळहळ गोजराला पुष्कळ दिवस लागून राहिली. तेव्हापासून त्या घरात मोरीत शीत जिला आधी दिसे, तीच वाकून उचलू लागली.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: घाण कोणाची यावर वाद घालत बसलं, की ती सगळ्यांच्याच ताटात येते.